पाचवीच्या मुलाकडून काय हवंय, हे त्याला कोणी सांगितलंय का?



जून महिना आला की प्रत्येक वर्गात एक कार्डशीट लागते. 'वर्गाचे नियम'. वेळेवर यावे. शांतता राखावी. गृहपाठ पूर्ण करावा. रंगीत बॉर्डर, कोपऱ्यात फूल. मीही दरवर्षी लावायचे. गणपतीपर्यंत तिचा एक कोपरा सुटतो, नियम तर त्याच्या आधीच सुटलेले असतात. शेजारी दुसरा तक्ता असतो, अध्ययन निष्पत्तींचा, क्रमांकासकट. तो मुलांसाठी नसतोच, वर्गभेटीला येणाऱ्या साहेबांसाठी असतो, हे आपण आपापसात तरी मान्य करूया.

माझं म्हणणं एवढंच आहे : पाचवीच्या मुलाकडून आपण भरपूर अपेक्षा ठेवतो, पण त्या अपेक्षा कशा पूर्ण करायच्या ते शिकवत नाही. भागाकार शिकवतो, पण भागाकार अडला तर काय करायचं ते शिकवत नाही. 'नीट लिही' म्हणतो, नीट म्हणजे कसं ते सांगत नाही. आणि मग एप्रिलमध्ये म्हणतो, "या मुलांना सवयच नाही."

पाचवीच का, असं कुणी विचारेल. कारण आपल्याकडे पाचवी हा वर्ग धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही. महाराष्ट्रात जुनी रचना पहिली ते चौथी प्राथमिक, पाचवीपासून पुढची शाळा. शिक्षण हक्क कायद्याने, म्हणजे २००९ नंतर, पाचवी प्राथमिकमध्ये धरली. कागदावर ती आली, पण बऱ्याच शाळांत पाचवीचं पोर अजून हायस्कूलच्या इमारतीतच बसतं. चौथीपर्यंत एक बाई, तिला कोणाची वही कुठे हरवते तेसुद्धा ठाऊक. पाचवीत घंटा झाली की माणूस बदलतो. मराठीच्या बाईंना समास आखून हवा, गणिताच्या सरांना उजवीकडे कच्च्या कामाची जागा हवी, इंग्रजीच्या मॅडमना चार रेघी वही हवी. दहा वर्षांच्या मुलाने हे सगळं आठवड्याभरात ओळखायचं.

वेळेचंही तसंच. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने सांगितलं की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ नंतर भरवा. मुलांची झोप होत नाही म्हणून. चांगलं झालं. पण पाचवीचं पोर त्यात नाही! मार्चपर्यंत ज्याला झोपेची गरज होती त्याला जूनमध्ये अचानक ती लागेनाशी होते की काय, देव जाणे. माझा वर्ग सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी भरतो.

आणि आता याच वर्गाला परीक्षा आली आहे. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा सुरू झाली. पाचवीला विषयाला ५० गुण, पास व्हायला ३५ टक्के. नाही जमलं तर पूरक मार्गदर्शन आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षा. तीही नाही जमली तर पुन्हा पाचवी. ढकलगाडी बंद झाली म्हणून अनेकांना आनंद झाला, मलाही थोडा झाला होता, खोटं कशाला सांगू.

पहिल्याच वर्षी माझ्या वर्गातली एक मुलगी गणितात राहिली. जूनमध्ये तिला समोर बसवून मी तिचा पेपर उघडला. पहिला प्रश्न झालेला. दुसऱ्यात एक मोठा भागाकार होता, तिथे तिने इतक्या वेळा खोडलं होतं की कागद फाटला होता. त्याच्या पुढे सगळं कोरं. मी पुढचे प्रश्न तोंडी विचारले. अपूर्णांकाचं आलं, कोनाचं आलं, शाब्दिक उदाहरणही थोडं अडखळत आलं. मी म्हटलं, "अगं, मग हे का नाही सोडवलंस?"

"बाई, आधीचं झालं नव्हतं ना."

परीक्षेत न येणारा प्रश्न सोडून पुढे जायचं असतं, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. कोणी म्हणजे मी. उलट वर्षभर मी फळ्यासमोर उभी राहून सांगत होते, "एक पूर्ण केल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही." तिने बाईंचं ऐकलं. पुनर्परीक्षेत ती पास झाली, आता पुढच्या वर्गात आहे. पण एवढ्याशा गोष्टीपायी तिचं वर्ष गेलं असतं, आणि प्रगतिपुस्तकात कारण लिहिलं गेलं असतं 'गणितात कच्ची'.

तेव्हापासून नियमांची कार्डशीट बंद केली. जूनचे पहिले दहा दिवस मी वर्गात कामाच्या सवयी शिकवते, पाढे शिकवावेत तशा. करून दाखवते, करून घेते, चुकलं की परत. सगळ्यात जास्त वेळ देते तो 'अडलं तर' याला. अडलं तर उदाहरण पुन्हा वाचायचं, बोट ठेवून. काय दिलंय आणि काय विचारलंय ते वेगळं लिहायचं. शेजाऱ्याला विचारायचं, पण 'उत्तर काय' असं नाही, 'तू सुरुवात कशी केलीस' असं. तरी नाही जमलं तर समासात एक टिंब द्यायचं आणि पुढे जायचं. तास संपताना मी फक्त टिंबं बघत फिरते. दहा मुलांचं टिंब एकाच ठिकाणी असेल तर चूक मुलांची नाही, माझ्या शिकवण्याची आहे. हे कळायला पूर्वी मला घटक चाचणीची वाट बघावी लागायची. चाचण्यांच्या दिवशी तर टिंबांना आता मुलं घाबरतच नाहीत. एकाने मला विचारलं होतं, "बाई, टिंब दिलं की गुण कापणार का?" हा प्रश्नच सांगतो आपण मुलांना काय शिकवून ठेवलंय.

वर्गात शिरल्यावर फळ्यावर तीन उदाहरणं तयार असतात. एक कालचं, एक मागच्या महिन्यातलं, एक चौथीचं. मी हजेरी घेते तोवर ती सोडवायची. सात दहाला सगळे येत नाहीत. सकाळी नळाला पाणी येण्याची वेळ आणि शाळेची वेळ एकच, त्यामुळे काही मुलं पाणी भरून येतात. पूर्वी मी त्यांना दाराशी उभं करायचे. आता ती गुपचूप येऊन फळ्यावरच्या उदाहरणांना लागतात, वर्ग थांबत नाही, त्यांचा अपमानही होत नाही.

फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात आजचं ध्येय, मुलांच्या भाषेत. निष्पत्तीत मोठ्या संख्यांवरच्या क्रिया, अंदाज, प्रमाणित रीतीने भागाकार असं बरंच काही असतं. मी लिहिते, 'उत्तर काढायच्या आधी ते साधारण किती येईल हे मला सांगता येतं.' एकदा अटल सेतूचं उदाहरण घेतलं. आमच्या शिवडीतूनच तो सुरू होतो, जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला, लांबी २१.८ किलोमीटर, वेगमर्यादा ताशी १००. तर न्हावा शेवाच्या बाजूला पोहोचायला किती मिनिटं? २१.८ म्हणजे साधारण २२ धरा. एकाने उत्तर काढलं १३०. मी चूक-बरोबर काहीच म्हटलं नाही, नेहमीचा प्रश्न टाकला, "पटतंय का?" मागून एक जण म्हणाला, "बाई, एवढा वेळ तर माझे पप्पा ट्रक घेऊन वाशीवरून जातात तेव्हा लागतो!" मग दोघांनी मिळून शून्य कुठे जास्त पडलं ते शोधलं. तेरा मिनिटं. 'पटतंय का' हा प्रश्न आता मुलं एकमेकांना विचारतात, कधीकधी मलाही विचारतात.

सहकारी म्हणतात, "दहा दिवस यात घालवलेस तर पोर्शन कसा संपणार?" रास्त प्रश्न आहे. म्हणून मी एकदा घड्याळ लावून बघितलं. 'वही काढा, ती नाही दुसरी, पेन कुठेय, गप्प बसा' यात माझ्या प्रत्येक तासिकेतली सात-आठ मिनिटं जात होती. दिवसाला आठ तासिका धरल्या तर एक तास. कायद्यात पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितलंय. म्हणजे दोनशे तास 'वही काढा' मध्ये! माझा अंदाज दुपटीने चुकला असं धरा, तरी शंभर तास उरतात. त्यापुढे दहा दिवस काय आहेत?

पालकहो, आता तुमच्याकडे वळते. सभेत हमखास कुणीतरी म्हणतं, "बाई, दोन फटके द्या, आमची काही हरकत नाही." कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आहे, ते तर आहेच. पण फटका खाऊन मूल गप्प बसतं, त्याला भागाकार येत नाही.

अभ्यासाला मुलाला स्वतंत्र टेबल, शांत कोपरा द्या, असं मासिकांतून लिहून येतं. ते लिहिणाऱ्यांनी एकदा शिवडीच्या बीडीडी चाळीत यावं. खोली १६० चौरस फुटांची, एका इमारतीत अशा ८० खोल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्गाच्या चाळींचा पुनर्विकास मार्गी लागला, शिवडीच्या चाळी पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर म्हणून मागे राहिल्या. तिथे कोपरा आणायचा कुठून? माझी निम्मी मुलं जिन्यात बसून लिहितात, आणि बरं लिहितात. म्हणून मी जागा मागत नाही, वेळ मागते. रोज एकच ठरलेली वेळ, वीस मिनिटं. तेवढा वेळ टीव्ही आणि मोबाइल बंद, मोठ्यांचासुद्धा. गृहपाठही मी वीस मिनिटांत होईल एवढाच देते. वीस मिनिटांत नाही झाला तर तिथे रेघ मारा, सही करा, पाठवून द्या. रात्री अकराला रडवून पूर्ण करून घेतलेला गृहपाठ मला काहीच सांगत नाही.

आणि मुलाला 'किती मार्क पडले' च्या आधी 'आज टिंब कुठे दिलंस' असं विचारा. शिकवता आलं नाही तरी चालेल. नुसतं विचारा.

या जूनच्या सभेत हे सगळं सांगून झालं. मागच्या बाकावरचे एक आजोबा, नातवाला घेऊन आलेले, शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "ते सगळं ठीक आहे बाई, पण पाढे?"

म्हटलं, "आजोबा, तीसपर्यंत. वीस मिनिटांच्या बाहेर, जिना चढता-उतरता. ते तुमच्याकडे."