विज्ञानकथा आणि वाचकांची अनियतकालिके

फॅनझीन, म्हणजे चाहत्यांनी नफ्याची अपेक्षा न ठेवता पदरमोड करून काढलेले आणि आपापसांत वाटलेले अनियतकालिक, हा पोरवयातला हौशी उद्योग असल्याने विज्ञानकथेच्या इतिहासात त्याला जागा नाही, असा पूर्वपक्ष मांडला जातो. त्यातील हौस खरी आहे, निष्कर्ष मात्र टिकत नाही. १९२६ साली ह्यूगो गर्न्सबॅक यांनी सुरू केलेल्या ‘अमेझिंग स्टोरीज’ने वाचकांची पत्रे पत्त्यांसह छापली, त्या पत्त्यांवरून वाचक एकमेकांना लिहू लागले आणि अशाच पत्रव्यवहारातून १९३० मध्ये ‘द कॉमेट’ हे पहिले मानले जाणारे फॅनझीन निघाले. जेरी सीगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलंडच्या शाळकरी मुलांनी १९३३ मध्ये आपल्या चक्रमुद्रित अंकात ‘सुपरमॅन’ हे नाव वापरले, तेव्हा तो खलपुरुष होता. तेच नाव १९३८ मध्ये नायकाचे होऊन जगापुढे आले.

असले उद्योग महानगरांतच चालतात, हा दुसरा आक्षेप. पण ‘नोव्हे टेरे’ हे ब्रिटिश फॅनझीन १९३६ मध्ये नन्ईटन या लहान शहरात निघाले आणि पुढे त्यातूनच ‘न्यू वर्ल्ड्स’ हे मान्यवर मासिक उभे राहिले. त्या काळच्या चक्रमुद्रणाला लागे तरी काय? फीत काढलेल्या टंकयंत्राने मेणकागदावर अक्षरे कोरायची, तो कागद शाईच्या रुळावर चढवायचा आणि हाताने दांडा फिरवीत एकेक प्रत काढायची, एवढीच ती सामग्री होती. पुष्कळदा अंकावर पत्र लिहिणाऱ्याला पुढचा अंक मोफत मिळे, म्हणजे चिकित्सक वाचन हीच तिथली वर्गणी असे, आणि फॅनझीनचे खरे कर्तृत्व याच व्यवहारात आहे.

मराठीत मासिके, दिवाळी अंक आणि मराठी विज्ञान परिषद असताना फॅनझीनची गरज काय, असे विचारणाऱ्यांचा आधार भक्कम आहे. परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली. हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून ती त्यांच्या पत्नी मंगला नारळीकरांनी उतरवून काढली होती, आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. एवढी चोख निवड करणाऱ्या संस्थेचे ऋण मोठेच आहे. परंतु स्पर्धा लेखक शोधते. कथेतले विज्ञान कुठे फसले, माणसे कुठे पुठ्ठ्याची झाली, हे वाचकाने वाचकाला सांगण्याची जागा तिच्यातून निर्माण होत नाही. मराठी कवितेने ती जागा १९५० च्या दशकातील ‘शब्द’ या अनियतकालिकापासून स्वतः निर्माण केली, तर तेव्हाच्या औरंगाबादेत गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने प्रस्थापित मासिकांबाहेर दलित साहित्याचा एक अख्खा प्रवाह पोसला. मराठवाड्याला हे शिकवण्याची गरज नाही.

म्हणून विज्ञानकथेच्या वाचकांचे अनियतकालिक मराठवाड्यातील निलंग्यासारख्या तालुक्याच्या गावातूनही निघू शकते, आणि निघावे. चार वाचक, छायाप्रतीचे यंत्र आणि टपालाची तिकिटे एवढ्यावर पहिला अंक होतो. तेथील वाचनालयांनी आणि विज्ञानशिक्षकांनी तो हाती घ्यावा.