रस्ता कुणाच्या बापाचा?

औरंगाबादच्या (आता कागदोपत्री छत्रपती संभाजीनगर) वाहतुकीवर कुठेही चर्चा काढा, उत्तर ठरलेले असते : उड्डाणपूल. जालना रोडवर क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल, सिडको असे पूल झाले. कोंडी संपली का? ती पुढच्या चौकात जाऊन बसली.

पण माझा मुद्दा वेगळाच आहे. मुकुंदवाडीतून पलीकडे सिडकोत धुणीभांडी करायला जाणारी बाई जालना रोड कुठून ओलांडते, हे या नियोजनकारांपैकी कुणी कधी पाहिले आहे काय? पुलावरून चारचाकी सुसाट जाते. खाली ही बाई दुभाजकावर हातात पिशवी घेऊन उभी. तिच्यासाठी सिग्नलला पुरेसा वेळ नाही, आणि फुटपाथ असलाच तर त्यावर रोहित्र किंवा कुणाची तरी गाडी. चिकलठाण्याच्या कंपनीतून रात्री सायकलने परतणाऱ्या कामगाराची गोष्ट यापेक्षा वेगळी नाही.

केंद्र सरकारच्याच आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यात सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे आणि १९ टक्के पायी चालणारे. म्हणजे मरणाऱ्यांत बहुतेक कोण, ते सांगायला नको. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहने नव्हे, माणसे हलवा असे सांगितले होते. आपल्याकडे पैसा मात्र वाहनांमागेच धावतो.

मित्रांनो, रस्त्याचा प्रश्न आपल्याला नवा नाही. वायकोमचा १९२४ चा सत्याग्रह देवळात शिरण्यासाठी नव्हता, देवळाभोवतीच्या सार्वजनिक रस्त्यांवरून चालण्यासाठी होता. महाडला १९२७ मध्ये बाबासाहेबांनी सार्वजनिक तळ्यावरचा हक्क बजावला. सार्वजनिक म्हणजे सर्वांचे, एवढीच साधी गोष्ट. आज पाटी लावून कुणी अडवत नाही. रस्त्याची आखणीच अशी होते की पायी चालणारा आपोआप बाहेर पडतो.

आणि कोंडी झाली की पहिला बडगा कुणावर? हातगाडीवाल्यावर. दुकानासमोर दिवसभर उभी असलेली मोटार अतिक्रमण ठरत नाही, भाजीची गाडी ठरते! पथविक्रेता कायदा, २०१४ स्पष्ट सांगतो की सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कुणाला हटवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत, त्यांत एक तृतीयांश महिला. अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याकांनाही प्रतिनिधित्व हवे. हे कलम आपल्यातल्या किती कार्यकर्त्यांनी वाचले आहे? पुतळ्याच्या चौकाचे सुशोभीकरण मागायला आपण शंभर जण जातो, त्याच चौकात झेब्रा पट्टा मागायला एकही नाही. हे मी स्वतःलाही धरून म्हणतो.

महापालिकेत माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज टाका. प्रश्न तीनच : पाच वर्षांत पुलांवर आणि डांबरावर किती खर्च झाला, फुटपाथवर किती, आणि पथविक्रेता समितीची शेवटची बैठक कधी झाली. उत्तर आले की ते घेऊन वस्तीत बसू.

जय भीम!