आधी तपासणी, मग औषध

फुप्फुसाच्या कर्करोगावरील ‘जेफिटिनिब’ ही गोळी 2002 साली प्रथम जपानात मंजूर झाली, तेव्हा अंथरुणाला खिळलेले काही रोगी तिने थोड्याच दिवसांत हिंडूफिरू लागावेत आणि बहुसंख्यांना मात्र तिचा काडीचाही गुण येऊ नये, याचे कारण भल्याभल्या तज्ज्ञांनाही उमगत नव्हते. ते 2004 मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी उघड केले: ज्यांच्या गाठीतील ‘ईजीएफआर’ जनुकात विशिष्ट उत्परिवर्तन झालेले असते, त्यांनाच प्रामुख्याने ही गोळी लागू पडते. पुढे 2009 साली प्रसिद्ध झालेल्या, पूर्व आशियातील रुग्णांवरील चाचणीने हेही सिद्ध केले की, असे उत्परिवर्तन नसलेल्यास किमोथेरपीऐवजी ही गोळी देणे म्हणजे रोगाला मोकळे रान देणे होय.

या विद्येत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने घातलेली भर मला विशेष अभिमानास्पद वाटते. उत्परिवर्तन असलेल्या 350 रुग्णांपैकी काहींना केवळ जेफिटिनिब, तर काहींना त्याच्या जोडीने पेमेट्रेक्सेड व कार्बोप्लॅटिन ही पूर्वीपासून प्रचलित औषधे देऊन पाहता, रोग पुन्हा बळावेपर्यंतचा मध्यक काळ पहिल्या गटात 8 महिने आणि दुसऱ्या गटात 16 महिने भरला. दुष्परिणाम वाढले हे खरे, पण आयुष्यही वाढले.

परंतु ही सारी चिकित्सा ज्या एका जनुकीय तपासणीवर उभी आहे, तिच्यापर्यंत आपला रोगी पोहोचतो केव्हा? छातीच्या चित्रात डाग दिसला की प्रथम क्षयाचा संशय यावा, त्याच्या औषधांत अनेकांचे बहुमोल महिने जावेत, आणि जिने जन्मात विडीला स्पर्श केला नाही अशा स्त्रीच्या बाबतीत तर कर्करोगाची शंकाही कोणास येऊ नये. वास्तविक हे उत्परिवर्तन धूम्रपान न करणाऱ्यांत आणि स्त्रियांतच अधिक आढळते. केंद्र सरकारने जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात ‘ऑसिमर्टिनिब’ या नव्या औषधावरील सीमाशुल्क माफ केले, ते उचितच झाले; तथापि तपासणीवाचून ते कोणाला द्यावयाचे हेच कळत नाही. म्हणून प्रत्येक जिल्हा रुग्णालयातून गाठीचा नमुना सरकारी खर्चाने प्रयोगशाळेत जाईल आणि त्याचा अहवाल मुदतीत परत येईल, अशी कायमची तजवीज राज्य सरकारने करावी. आणि ज्यांच्या घरी हे दुखणे आले असेल त्यांनी, औषधाची चिठ्ठी हाती घेण्यापूर्वी, जनुकीय तपासणी झाली काय, हे डॉक्टरांना निःसंकोच विचारावे.