सेफ्टी टँक

दोस्तहो, शब्दकोश आपण लिहिले नाहीत. ज्यांनी लिहिले ते कधी टाकीत उतरले नाहीत. म्हणून एका शब्दाचा पंचनामा आता आपणच करू. शब्द इंग्रजी आहे, पण अमरावती-अकोल्यात अंगठेबहाद्दराच्याही तोंडी आहे. सेफ्टी.

सेफ्टी पिन. सेफ्टी रेझर. कुकरची सेफ्टी. आणि सेफ्टी टँक.

होय, सेफ्टी टँक. राजापेठेत ऐका, जठारपेठेत ऐका. "बाप्पा, सेफ्टी टँक भरली, उतरनारा मानूस पाहून द्या." मूळ शब्द सेप्टिक. तो ग्रीकातून आला, अर्थ कुजवणारा, सडवणारा. जखम चिघळली की आपणही म्हणतो, सेप्टिक झालं. सेफ्टीचं मूळ लॅटिनमध्ये. अर्थ धड, अखंड, निरोगी. म्हणजे एक शब्द सडण्याचा, दुसरा धड राहण्याचा, आणि वऱ्हाडानं दोन्ही एकाच टाकीत टाकले.

यावर पांढरपेशे हसतात. खेडवळांना इंग्रजी बोलता येत नाही म्हणतात. हसू नका साहेब. जीभ चुकली, पण अर्थ नेमका लागला. घरमालकासाठी ती सेफ्टीचीच टाकी आहे. त्याचा मैला त्याच्या डोळ्याआड, नाकाआड जातो. तो सेफ. सडणं ज्याच्या वाट्याला येतं त्याची जात वेगळी, वस्ती वेगळी.

इंग्रजीत दोन शब्द आहेत. यंत्रानं हात कापू नये, विषारी वायूनं जीव जाऊ नये, ती सेफ्टी. चोर शिरू नये, दंगा होऊ नये, ती सिक्युरिटी. मराठीत दोन्हीला एकच शब्द, सुरक्षा. या एका शब्दात मोठी सोय आहे. बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहतो तो सुरक्षा रक्षक. चौदा एप्रिलला आपल्या वस्तीच्या तोंडाशी पोलिसांची गाडी लागते, तीही सुरक्षेसाठी. कोणाच्या? हे कोणी विचारत नाही. मालाची राखण आणि माणसाचा जीव एकाच शब्दात कोंबले की खर्च कशावर होणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

हे आजचं नाही. अमरावतीचा परकोट पाहा. पेंढाऱ्यांच्या भीतीनं सावकार-व्यापाऱ्यांच्या शहराभोवती दगडी भिंत उठली. गावोगावी भिंत नव्हती तिथं महार होता. वेशीवर रात्रभर जागणारा, चोराचा माग काढणारा, सरकारी खजिना डोक्यावर वाहणारा. गावाची सेफ्टी त्याच्या खांद्यावर आणि त्याचं घर गावकुसाबाहेर! राखणदाराची राखण कोणी करायची, हा प्रश्न गावाला हजार वर्षांत पडला नाही. १९२७ साली अंबादेवीच्या मंदिरात जाण्यासाठी आपल्या लोकांना अमरावतीत परिषद भरवावी लागली. अध्यक्ष बाबासाहेब होते. देवीच्या दारात आडवे पडणारे पुष्कळ निघाले. टाकीच्या तोंडाशी आजवर कोणी आडवा पडला का? "थांब लेका, उतरू नको," असं म्हणणारा एक तरी सनातनी दाखवा.

आता कायद्याकडे या. हातानं मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारा पहिला कायदा १९९३ चा. दुसरा २०१३ चा. हा दुसरा अंमलात आला ६ डिसेंबरला. तारीख लक्षात ठेवा, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाचा दिवस. या कायद्यानं गटार आणि सेप्टिक टँकच्या 'धोकादायक सफाई'वर बंदी घातली. पण धोकादायक म्हणजे काय? संरक्षक साधनं न देता, सेफ्टीची खबरदारी न घेता माणसाकडून करवलेली सफाई. म्हणजे साधनं दिली की सफाई धोकादायक नाही. शिवाय ठरवून दिलेली साधनं वापरून मैला काढणारा माणूस कायद्याच्या भाषेत 'हातानं मैला उचलणारा' राहतच नाही. पाहा ही किमया. जात तीच, टाकी तीच, मैला तोच. अंगावर सेफ्टी चढवली की अन्याय कागदावरून गायब.

ही किमया संसदेतही चालली. एके काळी पँथर म्हणून गर्जलेले रामदास आठवले केंद्रात मंत्री आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांनीच सांगितलं की पाच वर्षांत गटारं आणि सेप्टिक टँक साफ करताना ३४० माणसं मेली. त्याच वर्षी जुलैत त्यांनीच सांगितलं की हातानं मैला उचलण्यानं एकही मृत्यू झाल्याची नोंद नाही. दोन्ही उत्तरं कागदोपत्री बरोबर! मेलेल्यांचं फक्त नाव बदललं. २०२३ साली सरकारनं यंत्रानं सफाईची योजना आणली, तिचं नाव ठेवलं 'नमस्ते'. जोहार घालणाऱ्यांच्या पोरांना आता सरकारच नमस्ते करतं. करू द्या. पण हात जोडून झाले की त्याच हातांनी झाकण उघडू नका म्हणावं.

टाकीत होतं काय ते समजून घ्या. मैला सडतो, वायू धरतो. सडक्या अंड्याचा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड. तो फार वाढला की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. मानूस समजते, गॅस गेला, आता सेफ. तिथंच तो पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. तोंडाला बांधलेल्या रुमालाचा तिथं उपयोग नाही, कारण आत श्वासापुरता प्राणवायूच नसतो. मग पंचनाम्यात लिहितात, सेफ्टीची साधनं वापरली नव्हती. म्हणजे मेला तोच गुन्हेगार.

हीच भाषा २०१७ च्या खरिपात ऐकली. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेनं मेले, शेकडो दवाखान्यात पडले. शेजारी अकोल्याकडेही माणसं गेली. डोक्याच्या वर गेलेली कपाशी, अंगावर उलटणारा फवारा, भादव्याचं ऊन. आणि सवाल काय? "काऊन घातली नाही सेफ्टी किट?" विष बनवणारा सेफ, विकणारा सेफ, ज्याच्या डब्यावर लाल त्रिकोण तो डबाही सेफ. मजुरानं मात्र रबरी हातमोजे घालून उकडून मरावं, नाहीतर न घालता.

बाबासाहेबांनी सेफ्टी मागितली नव्हती. १९३० साली गोलमेज परिषदेत त्यांनी सेफगार्ड्स मागितले, राजकीय संरक्षणं. त्यातली पहिली अट होती समान नागरिकत्व. कोणीतरी आपल्याला जपावं ही भीक त्यात नव्हती. आपलं रक्षण आपल्या हाती यावं हा हक्क होता. आपल्याला किट देऊन टाकीत सोडणारे हा फरक चांगला जाणतात. विसरलो आपणच.

आपल्यातल्याही काहींना विचारायचं आहे. नोकरी लागली, कॉलनीत प्लॉट घेतला, दारावर 'भीमकृपा' लिहिलं, घरात बुद्धाची मूर्ती ठेवली. टाकी भरली तेव्हा टँकरला पैसे जास्त पडतात म्हणून मेहतराच्या पोराशी घासाघीस कोण करतं? "ते त्याहीचं काम हाये," हे वाक्य कोणाच्या तोंडून निघतं? मनू तुमच्या संडासामागंही राहतो.

म्हणून स्पष्ट मागणी. माणूस टाकीत उतरणार नाही, किट घालूनही नाही, किटशिवायही नाही. यंत्र जाईल तिथवर सफाई होईल. यंत्र जात नसेल तर नगरपालिकेनं रस्ता करावा, टाकी बदलावी. २०१५ च्या दुरुस्तीनं अनुसूचित जातीच्या माणसाला हे काम करायला लावणं हा अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा झाला आहे. तो नोंदवा. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली मृत्यूमागे १० लाख ठरवले होते, २०२३ साली ३० लाख केले. ते वसूल करा, पण त्याला प्रेताचा भाव होऊ देऊ नका.

आणि उद्या कोणी दारात येऊन म्हणालं, "भाऊ, सेफ्टी टँक साफ करायची हाये," तर त्याला सांगा, झाकण उघडायच्या आधी तुझा तू उतरून दाखव.

जय भीम.