तिचं म्हणणं आधी लिहून घ्या

अमेरिकेतल्या प्रसूती विभागांत काम करणारे आम्ही मराठी डॉक्टर आणि परिचारिका आज एक चळवळ सुरू करत आहोत.

२०२३ साली या देशात दर लाख जिवंत जन्मांमागे ५० कृष्णवर्णीय माता दगावल्या. गोऱ्या माता पंधराहून कमी. वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाणही कृष्णवर्णीयांत दुपटीहून जास्त आहे. गरिबी हे याचं पुरतं उत्तर नाही. २०१७ मध्ये बाळंतपणानंतर टेनिसपटू सेरेना विल्यम्सला धाप लागली. रक्ताच्या गुठळ्यांचा तिला जुना त्रास. सीटी स्कॅन करा, रक्त पातळ करणारं औषध द्या, असं तिनेच सांगितलं. औषधांमुळे ती गोंधळली असावी, असं नर्सला वाटलं. अखेर स्कॅन झाला, तेव्हा फुप्फुसांत गुठळ्या निघाल्या.

ती जगप्रसिद्ध, म्हणून हे सगळ्यांना कळलं. आमच्यापैकी एकीच्या रात्रपाळीतली तीन दिवसांची बाळंतीण कुणालाच ठाऊक नव्हती. "डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतात," असं तिने तीनदा सांगितलं. केसपेपरवर शेरा पडला : 'उगाच घाबरते.' रक्तदाब मोजला तेव्हा १७२/११२ होता. ती वाचली. पण तो शेरा आमच्याच हातचा होता, आणि ही चळवळ त्या कबुलीपासून सुरू होते.

कृष्णवर्णीय बाळंतिणीने आमच्यावर विश्वास का ठेवावा? १८४० च्या दशकात अलाबामातल्या माँटगोमेरीत डॉ. सिम्सने अनार्का, बेट्सी, ल्यूसी या गुलाम स्त्रियांवर भूल न देता शस्त्रक्रिया केल्या. एकट्या अनार्कावर तीसेक वेळा. दक्षिणेत पिढ्यान्‌पिढ्या बाळंतपणं करणाऱ्या कृष्णवर्णीय सुईणींना विसाव्या शतकात कायद्यांनी बाजूला सारलं. धीर देणारा ओळखीचा हात तेव्हाच गेला.

हे काम आपलं कसं, असं कुणी विचारेल. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती इथल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना. परक्या पुरुषापुढे बाई आपलं दुखणं सांगत नाही, हे ओळखून आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियातल्या वैद्यकीय कॉलेजात आल्या आणि १८८६ मध्ये प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून डॉक्टर झाल्या. त्याच कॉलेजातून १८६७ मध्ये रिबेका कोल ही कृष्णवर्णीय स्त्री डॉक्टर झाली होती.

म्हणून आम्ही मागतो : बाळंतिणीने निवडलेल्या सुईणीला किंवा दुलाला (प्रसूतीत सोबत करणाऱ्या बाईला) प्रसूतीच्या खोलीत हक्काची जागा हवी, आणि त्या सुईणीचा किंवा दुलाचा मेहनताना विम्यातून मिळावा. १६०/११० वर टिकलेल्या रक्तदाबाला तासाभरात औषध मिळालंच पाहिजे. सावळ्या बाळाची कावीळ नुसत्या कातडीवरून ठरवू नका. डोळे, हिरड्या पाहा, रक्त तपासा. मातामृत्यूची चौकशी करणाऱ्या समित्यांवर त्या मातांच्याच वस्तीतल्या आया बसल्या पाहिजेत. आम्ही त्यांच्या मागे उभे राहू, पुढे नाही.

मराठी डॉक्टरांनो, परिचारिकांनो, उद्या पाळीवर जाल तेव्हा खुर्ची ओढून बाळंतिणीच्या खाटेजवळ बसा. काय होतंय ते विचारा आणि ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत केसपेपरवर लिहा.