दोनशेचा प्लॅन, चौघांचा फ्लॅट

सेमिस्टर सुरू झालं की रूमवर पहिली वर्गणी निघते ती वाय-फायची. चौघांत एक कनेक्शन, २०० एमबीपीएसचा प्लॅन, म्हणजे प्रत्येकाला ५०. हिशेब सोपा वाटतो. मग ऐन ऑनलाइन टेस्टच्या वेळी पान उघडत नाही आणि चौघं मिळून कंपनीच्या नावाने खडे फोडतात. कधीकधी कंपनीचा दोष असतोही. पण बऱ्याचदा घोळ दारापर्यंत आलेल्या फायबरमध्ये नसतो, दाराच्या आत असतो.

वाय-फायच्या एका चॅनेलवर एका वेळी एकालाच बोलता येतं, बाकीचे थांबतात. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न घुसणारे चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. तुमची रूम, शेजारची, वरच्या मजल्यावरची, सगळे त्यातच. त्यात आतल्या खोलीतला एखादा जुना फोन रखडत डाउनलोड करत असेल, तर नळावर मोठं पिंप लावून बसलेल्या माणसामुळे रांगेचं जे होतं, तेच इथे होतं. सरकारने २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झमधला ६०५ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना खुला केला, तिथे गर्दी कमी आहे. फक्त भिंती आल्या की तो लवकर दम तोडतो.

म्हणून टेबलावर एकाच जागी असलेल्या कॉम्प्युटरला सरळ लॅन केबल जोडा. त्याचं भलं होतंच, शिवाय तो हवेतल्या रांगेतून बाहेर पडतो आणि उरलेल्या फोन-लॅपटॉपना जागा मिळते. केबल मात्र बघून घ्या. आत तारांच्या चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला दोन पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. त्या जास्तीच्या दोनपैकी एखादी जोडी तुटली तर नेट सहसा बंद पडत नाही, गुपचूप १०० वर येतं, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. स्वस्तातल्या बऱ्याच राउटरचे पोर्टही १०० चेच असतात. त्यांच्यावर २०० चा प्लॅन घेऊन वायरवाल्याला काय फायदा?

आता धोरणाकडे बघा. जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची किमान मर्यादा ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएसवर आली. मे २०२५ मध्ये ६ गिगाहर्ट्झमधला ५०० मेगाहर्ट्झचा पट्टा वाय-फायसाठी खुला करण्याचा मसुदा आला. अमेरिकेने १२०० मेगाहर्ट्झ २०२० मध्येच दिले होते. उशीर झाला, पण दाटीवाटीच्या बिल्डिंगांना याचा खरंच उपयोग आहे. तरी नियमांतला 'ग्राहक' एकच असतो : ज्याच्या नावावर कनेक्शन, तो. चार रूममेट त्यात कुठेच बसत नाहीत.

हे एरवी कुणाला खटकत नाही. पण जुलै २००८ मध्ये अहमदाबाद बॉम्बस्फोटांच्या वेळचा ईमेल नवी मुंबईतल्या एका घरच्या वाय-फायवरून गेल्याचं निघालं. पाठवणारे दुसरेच होते, तरी चौकशीला आधी सामोरं जावं लागलं ते कनेक्शनवाल्याला. तुमच्या रूमवर कनेक्शन कुणाच्या नावावर आहे? ज्याच्या असेल त्यानेच राउटरचा ॲडमिन पासवर्ड स्वतःकडे ठेवावा. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी गेस्ट नेटवर्क चालू करा. आणि पार्टनर रूम सोडून गेला की डिपॉझिटचा हिशेब मिटवताना वाय-फायचा पासवर्डही त्याच दिवशी बदला.