मिठूची झोप

मैत्रिणींनो, या आठवड्यात देवबागहून एका भगिनीचे पत्र आले आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि मधल्या चिंचोळ्या वाळूच्या पट्टीवर त्यांचे घर. घरी पर्यटक उतरतात. सहा वर्षांपूर्वी सासऱ्यांनी माडाखाली पडलेले पोपटाचे पिल्लू उचलून आणले, तोच आता घरचा मिठू. त्या लिहितात, "रात्रीचो मिठू फडफडता, आमका पण झोप नाय. परवा तर पंखातून रक्त आलं. लेक रडून रडून दमली."

आधी त्याला झोप का लागत नाही ते पाहू. रानातला पोपट दिवेलागणीला थव्याबरोबर झाडावर परततो आणि उजाडेपर्यंत, म्हणजे १० ते १२ तास, अंधारात निवांत असतो. आपला मिठू मात्र पडवीत, ट्यूबलाइटखाली! पाहुणे रात्री बारापर्यंत गप्पा मारणार, टीव्ही चालणार, आणि पहाटे मच्छीवाली हाक देणार. बिचाऱ्याने झोपायचे कधी?

तेव्हा एवढे करा. सूर्य मावळायच्या आत त्याचे खाणे आटोपा. पाहुण्यांनी दिलेले चहात बुडवलेले बिस्कीट अगदी बंद. उरलेली फळे काढून टाका, नाहीतर मुंग्या आणि उंदीर येतात. पाणी मात्र राहू द्या. मग पिंजरा आतल्या शांत खोलीत न्या आणि भिंतीला लागून, मांजर पोचणार नाही अशा उंचीवर ठेवा. रोज वेळ तीच हवी.

जुन्या सुती लुगड्याने पिंजरा तीन बाजूंनी झाका, एक बाजू हवेसाठी उघडी असू दे. आपल्या दमट हवेत प्लॅस्टिक किंवा रेक्झिन घालू नका. बसायला गुळगुळीत दांडीऐवजी पेरूची फांदी द्या. ती कुठे जाड, कुठे बारीक असते, त्यामुळे पायांना आराम पडतो.

स्वयंपाकघरात पिंजरा नकोच. मासे तळतानाचा धूर, मच्छरची कॉइल, दोन्ही त्याला बाधतात. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्यातून निघणारा वायू आपल्याला कळतही नाही, पण पक्षी काही मिनिटांत दगावू शकतो.

रात्री फडफड सुरू झाली तर धावत जाऊन त्याला धरू नका. बहुधा मांजराची सावली, गाडीचा दिवा किंवा विजेच्या कडकडाटाने तो दचकलेला असतो. मंद दिवा लावा, हळू आवाजात बोला. रक्त दिसले तर चिमूटभर मैदा दाबून धरा आणि सकाळी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. रक्त थांबत नसेल तर सकाळची वाटही पाहू नका. पुढे मंद दिवा रात्रभर ठेवला तरी चालेल, तेवढाच त्याला धीर.

आता एक अवघड गोष्ट, आणि ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे आपल्याकडचा रानपोपट पकडणे, विकणे, घरी पाळणे हा गुन्हा आहे. दयेने उचललेल्या पिल्लाची खबरही ४८ तासांत द्यावी लागते. सासऱ्यांनी केले ते मायेपोटीच, पण पोपट थव्यात राहणारा जीव. रोज संध्याकाळी माडांवरून थवे ओरडत जातात, ते तो पिंजऱ्यातून ऐकतोच ना?

म्हणून पिंजऱ्याचे दार उघडून त्याला सोडून मात्र देऊ नका. सहा वर्षांत उडण्याची ताकद गेलेली असते, कावळे आणि मांजरे टपलेली असतात. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, किंवा सावंतवाडी वनविभागाला कळवा. त्याला सोडता येईल की नाही हे जाणकारांनाच ठरवू द्या. तोवर वर सांगितल्याप्रमाणे त्याला झोप द्या, म्हणजे तो धडधाकट त्यांच्या हाती जाईल.

आणि हो, लेकीला बरोबर घेऊन जा. मिठूला आपण टाकले नाही, त्याला त्याच्या घरी पोचवायला निघालो, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले बरे. घरात किलबिल हवीच असेल, तर बजरीगर किंवा कॉकटील हे परदेशी पक्षी आहेत. देशी पोपटाची ही बंदी त्यांना नाही. पण झोपेचे नियम त्यांनाही हेच बरं का! मिठूचे काय झाले, ते जरूर कळवा.